कृष्णजन्मस्थान, पौलाचा झगा आणि खुर्चीवरचा स्वेटर

पत्र नागपूरच्या मोहन नगरातून आलंय. नाव छापू नका असं तिनेच लिहिलंय म्हणून छापत नाही. थोडक्यात हकिकत अशी. हिचा धाकटा भाऊ भिशी चालवायचा, बरीच वर्षं नीट चालली, मग दोघा-तिघांनी उचल घेऊन हात वर केले, ह्याने एकाचे पैसे दुसऱ्याला फिरवले, कोणाला काही सांगितलं नाही आणि एक दिवस सगळंच बसलं. फसवणुकीचा गुन्हा, आधी पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, मग एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, आता चार महिने झाले सेंट्रल जेलात आहे. जामीन एकदा फेटाळला गेला. पैसे बुडालेल्यांत निम्मे लोक हिच्याच मंडळीतले, म्हणजे दर रविवारी ज्यांच्या शेजारी बाकावर बसायचं तेच.

ती लिहिते: "मावशी, आमच्या चर्चमधले एक वडील, म्हणजे मंडळीतले पंच, उपासना संपल्यावर सगळ्यांसमोर बोलले की ही देवाची शिक्षा आहे, भोगलीच पाहिजे. दुसऱ्या दिवशी एक बाई घरी येऊन म्हणाल्या, रडू नको, पौलसुद्धा तुरुंगात होता, स्तुती कर. मला दोघांचाही सारखाच राग आला. शास्त्रात खरं काय आहे ते सांगा. मी अजून एकदाही त्याला भेटायला गेले नाही. वर्धा रोडवरून ऑटो जातो तेव्हा जेल आलं की मी मान दुसरीकडे करते, कोणी पाहिलं तर. वहिनी जाते. त्याने तिच्याजवळ निरोप दिला, ताईला म्हण फुल बाह्यांचा स्वेटर आणि जुना चष्मा पाठव. स्वेटर काढला, धुतला, खुर्चीवर ठेवला, त्याला पंधरा दिवस झाले. मी काय करू?"

मावशी म्हटलंस म्हणून तू म्हणते, राग मानू नको.

आपल्या भाषेत जेलला किती गमतीची नावं आहेत बघ, कृष्णजन्मस्थान काय, सरकारी पाहुणचार काय, बिनभाड्याची खोली काय. दुसऱ्याचा भाऊ गेला की ही नावं तोंडात येतात आणि आपला गेला की "तो सध्या बाहेरगावी असतो" येतं. मंडालेला लोकमान्य सहा वर्षं होते, धुळ्याच्या जेलात विनोबा गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते, त्या जेलांना आपण नमस्कार करतो. पण ते देशासाठी गेले, तुझा भाऊ भिशीसाठी गेला, आणि मला वाटतं तुझी अडचण इथेच आहे, की अभिमान वाटावा असं काही नाही आणि टाकून द्यावा असाही तो नाही.

आधी त्या पौलवाल्या बाईंचं बघू. त्या चांगल्या मनानेच आल्या असतील पण पौल, म्हणजे येशूचा निरोप सांगत फिरणारा प्रेषित, फिलिप्पैच्या तुरुंगात होता तो एका गुलाम पोरीला भुतापासून सोडवलं आणि तिच्या मालकांचा धंदा बसला म्हणून, कोणाच्या भिशीचे पैसे अडकवले म्हणून नाही. तुझ्या भावाच्या गळ्यात पौलाची पाटी अडकवली तर तो स्वतःच ओशाळेल, आणि ज्यांचे पैसे बुडाले ते तर चिडतीलच, का नाही चिडणार. पण पौलाची एक गोष्ट लोक सांगायची विसरतात, की तुरुंगात जाण्याआधी हा माणूस लोकांना तुरुंगात टाकायचा. प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायात आहे, घराघरांत शिरून बाया-पुरुषांना ओढत नेऊन बंदिशाळेत टाकत होता. दाराच्या दोन्ही बाजू पाहिलेला माणूस आहे तो, म्हणून त्याच्या पत्रांत बेड्यांचा उल्लेख येतो तेव्हा मला ते खरं वाटतं, शोभेचं नाही वाटत.

आता ते वडील. "देवाची शिक्षा" हे दोन शब्द बोलायला फार सोपे असतात, विशेषतः शिक्षा दुसऱ्याच्या घरी असली की.

मोशेचं नियमशास्त्र काढून बघ, त्यात तुरुंग ही शिक्षाच नाही. चोरी केली तर काय, तर भरपाई. निर्गम बाविसावा अध्याय, बैल चोरून कापला किंवा विकला तर पाच बैल द्या, मेंढरू असेल तर चार द्या. कोंडून ठेवल्याचे जे एक-दोन प्रसंग आहेत, लेवीय चोविसात एक, गणना पंधरात एक, तिथे निकाल काय द्यायचा हे कळेपर्यंत माणसाला पहाऱ्यात ठेवलंय, बास. रोमी लोकांतसुद्धा तुरुंग हा मुख्यतः खटला चालेपर्यंत ठेवायची जागा होती. म्हणजे पवित्र शास्त्रात जे लोक आत बसलेले दिसतात ते बहुतेक आपल्या भाषेत कच्चे कैदी आहेत, तुझ्या भावासारखेच. योसेफ बघ, पोटीफरच्या बायकोने आळ घेतला आणि आत गेला, खटला नाही, तारीख नाही, काही नाही. राजाच्या प्यालेबरदाराला त्याने स्वप्नाचा अर्थ सांगितला, सुटलास की माझी आठवण ठेव म्हणाला, आणि तो सुटला नि विसरला, पुढची पूर्ण दोन वर्षं! पौलाचं कैसरियात तेच, फेलिक्स सुभेदाराने त्याला दोन वर्षं नुसतं लटकवून ठेवलं आणि शास्त्र सरळ लिहितं का, तर लाच मिळेल म्हणून. हे वाचताना मला कधीच दोन हजार वर्षांपूर्वीचं वाटत नाही. आजसुद्धा आपल्या देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे साधारण तीन कच्चे कैदी आहेत, ज्यांचा निकाल लागलेलाच नाही. कोर्टाने अजून जो निकाल दिला नाही तो ह्या वडिलांनी उपासनेनंतर चहाच्या वेळी देऊन टाकला.

हां, पण मी तुझ्या बाजूने आहे म्हणून अर्धंच सांगणार नाही. माणूस स्वतःच्या करणीने बेड्यांत पडतो हेही शास्त्रात आहे. मनश्शे राजा आहे, त्याने जे केलं ते वाचवत नाही, त्याला अश्शूरांनी आकडे घालून बाबेलला ओढत नेलं. स्तोत्र १०७ मध्ये अंधारात लोखंडाने जखडून बसलेले लोक आहेत आणि तिथे स्पष्ट म्हटलंय की ते देवाच्या वचनाविरुद्ध वागले म्हणून बसलेत. वडिलांना हेच म्हणायचं असेल. फक्त ते स्तोत्र तिथे थांबत नाही ना! पुढच्याच ओळींत त्या लोकांनी हाक मारली आणि त्याने पितळेचे दरवाजे फोडले, लोखंडी अडसर मोडले. मनश्शेनेही बंदीतच प्रार्थना केली आणि ती ऐकली गेली. म्हणजे दोषी माणसाचीही जागा आहे त्यात, आणि मला तर वाटतं तुझ्या भावाला निर्दोष योसेफापेक्षा हा मनश्शे जास्त कामाचा आहे.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाशी मात्र थोडं थांबू, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच दिसतं. तो उतारा तुला पाठच असणार, न्यायाच्या दिवशी राजा, म्हणजे येशू स्वतः, लोकांना म्हणतो. भुकेला होतो, खायला दिलं. तान्हेला होतो, प्यायला दिलं. उघडा होतो, कपडे दिले. आणि शेवटी, बंदिशाळेत होतो तेव्हा माझ्याकडे आलात. आता हे नीट बघ. भुकेल्याची भूक भागवली, उघड्याचं अंग झाकलं, प्रत्येकाची गरज भागली. कैद्याची गरज काय, तर सुटका. पण "मला सोडवलंत" असं तो म्हणतच नाही. जामीन करून दिलात, साहेबांना फोन लावलात, काही नाही. नुसतं आलात. एवढंच मागितलंय. आणि दुसरी गोष्ट, कोणत्या गुन्ह्यात होतो हेही त्याने सांगितलं नाही, निर्दोष होतो असंही म्हणाला नाही. तिथे जो आत बसलाय त्याची परीक्षा चाललेलीच नाही, बाहेरच्यांची चाललीय. आपल्याकडे समाचाराला जाणं वेगळं आणि समाचार घेणं वेगळं, तुमच्या चर्चच्या वडिलांची दोन्हीत गल्लत झाली एवढंच.

लाजेबद्दल लिहिलंस. लाज शास्त्रालाही माहीत आहे बाई. तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात अनेसिफर नावाचा एक माणूस आहे, त्याच्यावर कोणी प्रवचन करत नाही, तीन-चार ओळींतच येतो आणि जातो. पौल लिहितो की ह्याला माझ्या बेडीची लाज वाटली नाही, उलट रोमला आल्यावर कसून शोध करून मला भेटला. म्हणजे बाकीच्यांना लाज वाटलीच असणार, त्याशिवाय का कोणी असं लिहील? त्याच पत्रात वर म्हटलंय की आसियातले सगळे मला सोडून गेले. ते सगळे ख्रिस्तीच होते गं. तू तुझ्या मंडळीवर चिडलीस ते ठीक, पण ऑटोत मान फिरवणारी तूही त्याच मंडळीतली, आणि हे तुला दुखवायला नाही सांगत, मीही फिरवलीय.

सांगते ते. फार वर्षांपूर्वी आमच्या नात्यातला एक जण काही महिने आत होता, केस काय होती ते राहू दे. घरच्यांनी मला पाठवलं कारण मी शिक्षिका, मला बोलता येतं. मी गेटबाहेर रांगेत उभी, डोक्यावरून पदर इतका पुढे ओढलेला की समोरचं दिसेना. माझ्यापुढे एक म्हातारी, काटोलकडची, पिशवीत काय होतं माहीत नाही पण संत्र्याचा वास येत होता. तिच्याबरोबर सहा-सात वर्षांची नात, म्हातारी तिची वेणी सोडून पुन्हा घालत होती, थुंकी लावून केस बसवत होती, बाप पोरीला नीटनेटकी पाहील म्हणून. मला म्हणाली, पहिल्यांदाच आली काय, आधारची झेरॉक्स आणली का, त्या तिकडं करून देते पानवाला. एवढंच बोलली. मी पदर मागे घेतला. त्या रांगेत तुला ओळखणारं कोणी भेटलंच तर तेही रांगेतच उभं असेल, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं, आणि हसूच आलं मला.

आता स्वेटर. हे वाचताना मी दोनदा थांबले, कारण पौलाच्या शेवटच्या दिवसांतलं म्हणून जे पत्र आपण वाचतो, तेच तीमथ्याचं दुसरं, त्यात "मी सुयुद्ध केलंय, धाव संपवलीय" ही ओळ आहे, जी आपण कबरीच्या दगडांवर लिहितो, आणि त्याच्याखाली काय आहे माहितेय? त्रोवसला कार्पाच्या घरी माझा झगा राहिलाय तो येताना आण, आणि पुस्तकं, खास करून ती चामड्यावरची. आणि थोडं खाली, हिवाळ्याच्या आत ये. लहानपणी मी खूप हसायची की प्रेषिताला झगा कशाला पाहिजे, आपल्याकडे झगा म्हणजे पोरींचा फ्रॉक ना. मोठी झाल्यावर कळलं की दगडी कोठडीत थंडीत कुडकुडणारा म्हातारा माणूस आहे आणि त्याला पांघरायला पाहिजे. त्या काळी कैद्याचं खाणं-पांघरणं बरंचसं बाहेरच्यांवरच असायचं, म्हणून फेलिक्सने निदान एवढं तरी केलं की ह्याच्या लोकांना ह्याची सोय बघायला आडकाठी करू नका असा हुकूम दिला. तुझ्या भावाने स्वेटर आणि चष्मा मागितलाय, म्हणजे पांघरूण आणि वाचायचं साधन, आणि तो पंधरा दिवस खुर्चीवर पडलाय. डिसेंबरातली नागपूरची रात्र तुला मी काय सांगू.

आणखी एक असाच तुकडा आहे जो मला फार आवडतो. यिर्मया संदेष्ट्याला चिखलाच्या विहिरीत उतरवलं होतं, पाणी नाही, नुसता गाळ, तो त्यात रुतला. एबद-मलेख नावाचा एक कूशी माणूस, राजवाड्यातला नोकर, परका, त्याने राजाकडे जाऊन परवानगी काढली आणि माणसं घेऊन आला. दोर तर सगळेच टाकतील. ह्याने काय केलं, भांडाराखालच्या खोलीतून जुनी फाटकी लुगडी-चिंध्या शोधून आणल्या, दोराने खाली सोडल्या आणि वरून ओरडून सांगितलं, ह्या काखेत घाल, त्याच्यावरून दोर घे. काखा सोलू नयेत म्हणून! एवढ्या घाईत, जीव वाचवायच्या गडबडीत, त्याला काखा सुचल्या. मला वाटतं तो आधी कधीतरी स्वतः दोराला लोंबकळला असणार, पण हे माझं आपलं.

प्रार्थनेने जामीन होतो का असं तू विचारलं नाहीस पण कोणीतरी तुला एकवीस दिवसांचा उपास सांगितलाच असेल, म्हणून लिहिते. प्रेषितांची कृत्ये, बारावा अध्याय. पेत्र दोन शिपायांच्या मध्ये साखळदंडात झोपलाय, चार-चार जणांच्या चार टोळ्या पहाऱ्याला, देवदूत येतो आणि त्याला बाहेर काढतो. छान. पण त्याच अध्यायाच्या सुरुवातीला हेरोद राजाने याकोब प्रेषिताला तरवारीने मारलंय, त्याच्यासाठी कोणी देवदूत आला नाही, आणि त्याच्यासाठी काय कोणी प्रार्थना केली नसेल? बाप्तिस्मा करणारा योहान बघ. येशूने नासरेथच्या सभास्थानात यशयाचं पुस्तक उघडून वाचलं की मला धरून नेलेल्यांना सुटका जाहीर करायला पाठवलंय, आणि त्याच्या नात्यातला हा योहान तुरुंगात राहिला, आतून विचारणा पाठवली की येणारा तो तूच, का दुसऱ्याची वाट पाहू, आणि शेवटी ताटात डोकं गेलं. एवढ्या मोठ्या माणसालाही आत बसून शंका आली. तुझा भाऊ काचेपलीकडून म्हणाला की ताई, देव-बिव काही नाही, तर लगेच वचन काढू नको. ऐकून घे.

आणि वकील करणं म्हणजे विश्वास कमी पडला असं कोणी म्हटलं तर त्याला कृत्ये सोळा वाचायला दे. भूकंपाचं सगळे सांगतात, दारं उघडली, बेड्या गळाल्या, तुरुंगाच्या नायकाने त्याच रात्री पौल आणि त्याचा सोबती सीला ह्यांच्या जखमा धुतल्या. सकाळचं कोणी सांगत नाही. सकाळी निरोप आला की जा, सुटलात, गुपचूप जा. पौल म्हणाला जाणार नाही, आम्ही रोमी नागरिक आहोत, खटला न चालवता चारचौघांत फटके मारलेत, आता साहेबांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. आणि आले ते! पुढे फेलिक्सनंतरच्या फेस्त सुभेदारापुढे सरळ कैसराकडे, म्हणजे रोमी बादशहाकडे, अपील केलं त्याने. तेव्हा वहिनीला घेऊन वकिलाकडे जा, पैसे संपले असतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तो त्याचा हक्क आहे. आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम ४७९ विचारून घ्या, पहिलाच गुन्हा असलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर सुटकेची तरतूद आहे, पण एकापेक्षा जास्त केसेस असल्या तर ते लागू होत नाही आणि भिशीच्या प्रकरणात तशा असू शकतात, म्हणून नीट विचारा.

चर्चच्या जुन्या लोकांना हे सगळं माहीत होतं, विसरलो ते आपण. दुसऱ्या शतकात रोममध्ये जस्टिन नावाचा एक माणूस रविवारची उपासना कशी होते ते लिहून ठेवतो, त्यात म्हणतो की जमलेलं दान अनाथांना, विधवांना, आजाऱ्यांना आणि बेड्यांत असलेल्यांना जातं. दर रविवारच्या दानात कैद्यांचा वाटा! २०३ साली कार्थेजला पर्पेतुआ नावाची बावीस वर्षांची बाई आत होती, अंगावर पिणारं बाळ होतं, तर मंडळीतल्या दोन डीकनांनी, म्हणजे सेवकांनी, पहारेकऱ्यांना पैसे चारून तिला काही तास तुरुंगातल्या बऱ्या जागेत आणवलं, तिथे तिने भुकेने कासावीस झालेल्या बाळाला पाजलं. पुढे बाळ तिच्याजवळ ठेवू दिलं तेव्हा ती लिहिते की तुरुंग मला राजवाडा झाला. मिलानच्या अँब्रोज बिशपांनी बंदिवानांची खंडणी भरायला देवळातली सोन्या-चांदीची भांडी वितळवली आणि त्यावरून टीकाही ऐकली. ११९८ मध्ये एक संघ निघाला ज्याच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा बंदिवान सोडवायला राखलेला, आणि १२१८ मधल्या दुसऱ्या संघाचे लोक तर शपथ घ्यायचे की वेळ पडली तर त्याच्या जागी मी ओलीस बसेन.

सगळंच असं सोनेरी नाही. गोव्यात १५६० ला इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याची चौकशी करणारं चर्चचं न्यायालय, बसलं ते १८१२ ला कायमचं बंद झालं, क्रूस लावलेल्या भिंतीआड आपल्याच लोकांनी माणसं कोंडली. आणि अमेरिकेत फिलाडेल्फियाला १८२९ मध्ये चांगल्या मनाच्या ख्रिस्ती सुधारकांनी एक तुरुंग काढला, प्रत्येकाला एकटं ठेवायचं, हातात बायबल द्यायचं, कोणाशी बोलू द्यायचं नाही, म्हणजे तो पश्चात्ताप करेल. पेनिटेन्शरी हा शब्दच पश्चात्तापावरून आलाय. काय झालं, तर एकटेपणाने माणसं वेडीपिशी व्हायला लागली. तुमच्या चर्चच्या वडिलांचं "भोगू दे" हे त्याच जातीचं आहे, म्हणून सांगितलं.

आता ज्यांचे पैसे गेले ते. हे सगळ्यात अवघड आहे आणि तुझ्या पत्रात ते सगळ्यात कमी आलंय. त्यांच्यात कोणीतरी पोरीच्या लग्नाचे ठेवले असतील, कोणी दवाखान्याचे. त्यांनी तुझ्या भावाला माफ करावं असं तू त्यांना सांगू नको, ते तुझं काम नाही. पौलाचं सगळ्यात छोटं पत्र काढ, फिलेमोनाला लिहिलेलं, एकाच पानाचं. अनेसिम नावाचा गुलाम मालकाकडून निघून आलाय, तुरुंगात असलेल्या पौलाला भेटलाय, आणि पौल त्याला परत पाठवताना मालकाला लिहितो की ह्याने तुझं काही नुकसान केलं असेल, काही देणं लागत असेल तर ते माझ्या खात्यावर मांड, मी पौल स्वतःच्या हाताने लिहितो, मी फेडीन. तुरुंगात बसलेला माणूस दुसऱ्याच्या उधारीला जामीन राहतोय! त्याने "विसरून जा" असं नाही लिहिलं, हिशोब आहे हे मान्य केलं. जकातदार जक्कयानेही तेच केलं, ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत देतो म्हणाला.

ह्याचा अर्थ तू तुझे दागिने मोडून सगळ्यांची देणी फेड असा नाही, तसं अजिबात करू नको, तुझ्या पोरांचं घर आहे ते. पण दोन-तीन घरी तू जाऊ शकतेस, ज्यांचं खरंच फार गेलं त्यांच्याकडे. हातात काही न घेता जा, सफाई देऊ नको, "तुमचे पैसे गेले हे मला माहीत आहे" एवढं म्हण. शिव्या देतील कदाचित. बसून ऐक. रक्कम किती, कोणाची, कधी परत, ह्यातलं काहीही वकिलाला विचारल्याशिवाय बोलू नको आणि लिहून तर मुळीच देऊ नको, केस चालू आहे. भावाशी मात्र हिशोबाचं बोल, पहिल्या भेटीत नाही, तिसऱ्या-चौथ्या. कोणाचे किती हे त्याच्याच डोक्यात असेल.

तुझ्या पत्रावरून भाच्याला तुम्ही बाप दुबईला गेलाय असं सांगितलंय असं दिसतंय. नऊ वर्षांचं पोर आहे, शाळेत कोणीतरी सांगेलच, तेव्हा तुम्हीच आधी सांगा, सोप्या शब्दांत. कैद्यांच्या पोरांसाठी जेलात गळाभेट म्हणून कार्यक्रम घेतात, जाळी-काचेशिवाय बापाला भेटता येतं, पुढचा कधी आहे ते वहिनीला चौकशी करायला लाव.

भेटीत काय बोलायचं म्हणून घाबरली असशील. वेळ फार थोडा असतो आणि पहिली दोन मिनिटं नुसती रडण्यात जातात, ती जाऊ दे. तो हसून बोलेल, मी मस्त आहे म्हणेल, सगळे म्हणतात. हिटलरच्या जर्मनीत बोनहोफर नावाचे एक पाळक दीड वर्ष बर्लिनच्या टेगेल तुरुंगात होते, पुढे १९४५ च्या एप्रिलमध्ये त्यांना फाशी दिली. त्यांनी आतून लिहिलंय की लोक म्हणतात मी कोठडीतून असा बाहेर येतो जसा सरदार आपल्या वाड्यातून, आणि आत मी पिंजऱ्यातल्या पाखरासारखा तळमळतोय. त्यांनीच एका पत्रात आगमनकाळाबद्दल, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांबद्दल, म्हटलंय की तो कोठडीसारखा असतो, माणूस आत वाट बघतो, हे कर ते कर करतो, पण दार बाहेरूनच उघडायचं असतं. हा आगमनाचा पहिला आठवडा चालू आहे म्हणून आठवलं. तर तो मस्त म्हणाला की मान हलव आणि घरचं सांग, करंज्यांचं सारण ह्या वर्षी कोण करतंय, गल्लीत स्टार लागला का, कॅरलवाले ह्या वेळी तुमच्या दारी थांबले की पुढे गेले. थांबले नसतील तर तेही खरं सांग.

वहिनीला आज संध्याकाळी फोन कर आणि तिच्या पुढच्या मुलाकातीला तूही चल, नाव आधी नोंदवावं लागत असेल तर नोंदव, आधार आणि दोन झेरॉक्स घे. स्वेटर-चष्मा आत देऊ देतात का, कसा द्यायचा, हे गेटवर विचार कारण नियम बदलत राहतात, टोपीवाला किंवा चेनवाला असेल तर साधा बघ. आणि जुना चष्मा म्हणालाय तो, पण जुना म्हणजे किती जुना? नंबर बदलला असेल तर डोकं दुखेल वाचताना. त्याच्या कपाटात डोळ्यांच्या डॉक्टरचा कागद असेल, वहिनीला शोधायला सांग.

तुझी मावशी